समईच्या उजेडातला शेला

१

रफू सापडेना.

शरयूने शेल्याचा उजवा कोपरा पुन्हा चाचपला. मग डावा. मग उरलेले दोन्ही, कारण घाबरलेलं माणूस वस्तू जिथे असणारच नाही तिथेही शोधतं. फार पूर्वी समईच्या ज्योतीचा चटका बसून शेल्याला भोक पडलं होतं आणि सासूबाईंनी तिथे तांदळाच्या दाण्याएवढं रफू घातलं होतं. देवघराला खिडकी नाही, उजेड कायम मिणमिणता. तरी शरयूचं बोट दरवर्षी न चुकता त्या गाठीवर जाऊन थांबायचं. आज ते नुसतंच घसरत राहिलं.

तिने शेला होता तसा मलमलीच्या फडक्यात बांधून पेटीत टाकला आणि रिकाम्या हातांनी बाहेर आली. सासरे, माधवराव जगदाळे, चहाचा कप हातात घेऊन बसले होते.

"आबासाहेब," ती म्हणाली, "पेटीतला शेला आपला नाहीये. कुणीतरी बदललाय."

कप बशीवर आदळला.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांना जगदाळ्यांचा शेला ठाऊक नाही असं होत नाही. चंदेरीच्या मागावर कुण्या काळी विणलेला, वाऱ्याहून हलका. वर्षातून एकदाच पेटीबाहेर यायचा. गौरीपूजनाच्या संध्याकाळी विजेचे दिवे मालवायचे, समया लावायच्या आणि मग गौरीच्या खांद्यांवर तो शेला चढवायचा. हळदीकुंकवाला आलेल्या बायका गौरीला नमस्कार करायच्या आणि शेल्याकडे बघत राहायच्या. पहाट व्हायच्या आत तो पुन्हा पेटीत जायचा. जगदाळ्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या असंच चाललेलं.

यंदा मात्र आक्रीत झालं. शेला पहिल्यांदा घराबाहेर पडला. फूलबागेजवळच्या या बंगल्यातून तो काल नया बाज़ारातल्या तन्वीच्या फोटो स्टुडिओत गेला, दिल्लीच्या एका फॅशन मासिकासाठी. काम लांबलं म्हणून रात्रभर तिथेच कपाटात राहिला आणि आज सकाळी माधवरावांचा मुलगा, शरयूचा नवरा समरजीत तो परत घेऊन आला.

"और क्या सबूत चाहिए?" समरजीत आता ओरडत होता. "रात्रभर शेला त्या पोरीजवळ होता! मी अभी के अभी पोलीस ठाण्यात जातो."

"नाही," माधवराव म्हणाले. "गौरीचं वस्त्र ठाण्याच्या टेबलावर पडलेलं मला बघायचं नाही. फोन लाव. उषाताईला बोलव."

२

उषाताई कदम दाना ओली नावाच्या गल्लीत राहायच्या आणि माधवरावांना राखी बांधायच्या. सगळी नोकरी त्यांनी पोलिसांच्या फोटो विभागात काढली होती. कुठे खून पडला, कुठे विहिरीत प्रेत सापडलं की इतर लोक नाकाला रुमाल लावून मागे सरायचे आणि उषाताई कॅमेरा घेऊन पुढे. समोरून पांढरा फ्लॅश मारायचा, सावलीत काही लपू द्यायचं नाही. इतकी वर्षं फोटो काढले, पण त्यांच्या फोटोतलं एकही माणूस जिवंत नव्हतं.

निवृत्त झाल्यावरही पर्समध्ये टॉर्च असायची. लग्नाच्या फोटोंतला तो गुळगुळीत, मऊ, सोनेरी उजेड पाहिला की त्यांचं डोकं उठायचं. "मऊ उजेड म्हणजे खोटं बोलायची सभ्य तऱ्हा," असं त्या चारचौघांत सांगायच्या.

देवघरात शिरून त्यांनी पेटीतला शेला टॉर्चच्या झोतात पाहिला. जरीचे काठ, बारीक बुट्ट्या, दुधासारखं पांढरं अंग. दरवर्षी हळदीकुंकवाला पाहिला होता तसाच अगदी. नक्कल करणाऱ्याचं रफू तेवढं राहिलं होतं, पण नजर पक्की होती.

मग एकेकाला बोलावून त्यांनी एकच फालतू वाटणारा प्रश्न विचारला. नोकरीतली जुनी खोड. "शेला कसा होता ते मला सांग."

माधवरावांनी डोळे मिटले. "लहानपणी मला मोठा ताप आला होता, ताई. वैद्य, डॉक्टर, सगळे थकले. शेवटी आईने भर दुपारी अंगणातल्या बाजेवर मला निजवलं आणि गौरीचा शेला अंगावर घातला. घरात केवढा गहजब झाला! कापराचा वास, सायीसारखा मऊ. शिळ्या सोनचाफ्यासारखा दिसत होता. तापात माणसाला काय काय दिसतं! पण उतरला ताप." त्यांनी डोळे उघडले. "समरच्या फार आग्रहामुळे मी यंदा हो म्हटलं. गौरी तोंडावर आल्यात. तिला नकली वस्त्र कसं चढवू मी?"

शरयूचे डोळे सुजले होते. "बघायचा कुठे, आत्याबाई? मी तर हाताने ओळखायची त्याला. महिन्यापूर्वी तन्वी आणि ती दिल्लीची सोनिका बघायला आल्या तेव्हा मी दाराशी नेऊन दाखवला, हात नाही लावू दिला. आणि काल मी मंगळागौरीला गेले होते. मी घरी असते तर माझ्याच हातांनी दिला असता. हे झालंच नसतं."

"मग कुणी दिला?"

"ह्यांनी नेला. स्वतः गाडीतून."

समरजीत येरझाऱ्या घालत होता. उषाताईंनी त्याला लहानपणी कडेवर घेतलेलं. आग्रा रस्त्यावर हॉटेल काढायचं वेड त्याला लागलं होतं आणि त्याच्या बोलण्यात हल्ली तेच असायचं.

"कसा म्हणजे? तुम्ही काय बघितला नाही का, आत्या? दूध जैसा सफेद. त्यावर ती जर अशी चमकायची ना, की बस. छोडो ये सब! त्या तन्वीला जरा जोरात विचारा, सगळं ओकेल. मी तर सगळ्यांना सांगून ठेवलंय, आपल्या घरच्या लग्नात हिला कॅमेरा घेऊन पाय ठेवू देऊ नका."

उषाताईंनी पर्स उचलली. तन्वीला त्या ओळखत नव्हत्या, पण तिच्याबद्दलचं त्यांचं मत तयार होतं. मऊ उजेडाचा धंदा करणारी पोर. लपवाछपवी तिच्या हाताला सवयीची असणार.

३

स्टुडिओ एका साडीच्या दुकानाच्या वर होता. जिना चढून उषाताईंनी दार ढकललं आणि उंबऱ्यातच थबकल्या.

खिडक्यांना जाड पडदे होते. खोलीत एकच पिवळा दिवा लागला होता आणि त्याचं तोंड भिंतीकडे होतं. तिथे एक भलीमोठी पितळी परात तिरकी टांगलेली. दिव्याचा उजेड परातीवर पडायचा, परातीतून ताणून बांधलेल्या मलमलीच्या पडद्यावर आणि तिथून गाळून खोलीत. तो कुठून येतोय ते कळतच नव्हतं. कोपऱ्यातल्या साध्या स्टुलालासुद्धा काहीतरी मोठेपण आलं होतं. आपण चपला घालून आत आलो, हे उषाताईंना उगाच खटकलं.

"काकू, या ना," एक बारीकशी मुलगी उठली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "मी तन्वी. तुम्ही येणार म्हणून कळलं होतं."

तिच्या शेजारी सोनिका बसली होती. ग्वाल्हेरचीच, पण आता दिल्लीत कपडे डिझाइन करणारी.

"ही परात?" उषाताईंनी पहिला प्रश्न भलताच विचारला.

"मोडीच्या दुकानातून आणली. बाजारात मिळतो तो सोनेरी रिफ्लेक्टर मला नाही आवडत, एकदम से झगझगीत होतं सगळं. पितळेतून उजेड जुना होऊन येतो." तिने कॉम्प्युटर पुढे ओढला. "हे कालचे फोटो. बघून घ्या. ह्याच्यानंतर मला कुणी काम देईल की नाही, पता नाही. दोन लग्नं आज सकाळीच कॅन्सल झालीत."

पडद्यावर प्रांजली नावाच्या मॉडेलचा फोटो होता. खांद्यांवरून शेला घेतलेला, मान किंचित वळलेली. उषाताई चष्मा सावरून पुढे झुकल्या. चेहऱ्यावर उजेड संपून सावली कुठे सुरू झाली ते सापडत नव्हतं. गालावरची बारीक लव दिसत होती, ओठांच्या कडेची सुरकुती दिसत होती. लपलेलं काहीच नव्हतं. तरी ती मुलगी इतकी सुंदर दिसत होती की उषाताईंची नजर हलेना. हे त्यांना अजिबात आवडलं नाही.

"तुमचा हा उजेड खोटं बोलतो," त्या जरा जोरातच म्हणाल्या.

तन्वीने मान हलवली. "नाही काकू. कडक उजेडात माणूस डोळे बारीक करतं, स्वतःला आवळून घेतं. ह्यात ते सैल होतं, इतकंच. आणि बघणाराही जास्त वेळ बघतो." मग ती शेल्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्याच्यासाठी तर मी महिनाभर विचार केला. तो हलका पिवळा आहे ना, तो पिवळेपणा गरम उजेडात विरघळून जातो. कपडा असा दिसतो की जणू आत दिवा लावलाय."

उषाताईंचं लक्ष फोटोतच होतं. "शेला कपाटात ठेवला कुणी?"

"मीच. किल्ली माझ्याजवळच होती. खोटं कशाला बोलू?"

स्वतःच्याच गळ्यात फास अडकवणारं उत्तर! दोषी माणूस इतकं सरळ बोलत नाही. पण निर्दोष माणसाला वाचवायला तेवढं पुरतही नाही.

"आंटी, एक सांगू?" सोनिका म्हणाली. "मॉडेलच्या खांद्यांवर शेला मी घातला. त्याआधी मी त्याला कधी हात लावला नव्हता, वहिनींनी लावूच नाही दिला. मला तो कडक लागला. वाटलं, खळ दिली असेल. इतक्या जुन्या घराला काय विचारायचं, म्हणून चूप बसले."

उषाताईंनी तिथूनच प्रांजलीला फोन लावला. ती गाडीत होती. "हां आंटी, सुंदर था, पर गर्दन को चुभ रहा था," ती हिंदीतच बोलली. "मैंने तन्वी को बोला भी. नई ज़री जैसा."

उषाताईंनी फोन ठेवला. पिढ्यानपिढ्या वापरलेला, सायीसारखा मऊ शेला मानेला टोचतो कसा? म्हणजे पहिला फोटो निघायच्या आधीच खांद्यांवर नक्कल होती. शेला या कपाटात बदललाच गेला नाही. तो बदलूनच इथे आला.

आणि इथे आणला होता समरजीतने.

४

उषाताई एकेक पायरी करत जिना उतरू लागल्या. ज्याला कडेवर घेतलं, त्याच्याबद्दल असा विचार करायचा? शिवाय पुरावा काय? टोचलं म्हणणाऱ्या दोघी तन्वीच्याच बाजूच्या. समर सरळ म्हणेल, मिलीभगत आहे. नक्कल सोनिकाने विणून घेतली, तिचा तर धंदाच तो.

खालच्या साडीच्या दुकानात गर्दी होती. एक बाई गादीवरून उठली, साडीचा पदर हातात धरून तरातरा दारापर्यंत आली आणि रस्त्यावरच्या उजेडात तो उलटसुलट करून बघू लागली.

"भैया, हा तर पिवळसर मोतिया निघाला!" ती आत ओरडली. "आत लाइटमध्ये तर सफेद दिसत होता."

"बहनजी, लाइट में तो सब सफेद है," दुकानदार हसला.

उषाताई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्याच राहिल्या. साडी दाराशी नेऊन बघायची, हे त्या स्वतः आयुष्यभर करत आल्या होत्या. शिळ्या सोनचाफ्यासारखा, असं माधवराव म्हणाले होते. हलका पिवळा, असं तन्वी म्हणाली होती. आणि मी? मी त्या दोघांच्या बोलण्याकडे काणाडोळा केला, कारण मला माहीतच होतं की शेला पांढरा आहे.

मला माहीत होतं ते कुठल्या उजेडात?

त्या पुन्हा वर गेल्या. "सोनिका, शेला बघून गेल्यावर त्या रंगाचं काही बनवलंस का गं?"

"बनवलं ना! दाराशी बघितला आणि दिल्लीला जाऊन तोच रंग रंगवून घेतला. हा बघा दुपट्टा."

दुपट्टा घेऊन उषाताई जगदाळ्यांकडे गेल्या. शरयूला त्यांनी फक्त समया लावायला सांगितलं आणि एकट्याच देवघरात बसल्या. एका हातात पेटीतली नक्कल, दुसऱ्या हातात सोनिकाचा दुपट्टा. दोन्ही त्यांनी ज्योतीसमोर धरले.

त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "माधवराव, उद्या दुपारी सगळे तन्वीच्या स्टुडिओत या. समरलाही आणा. चोर तिथे सापडेल."

५

दुसऱ्या दिवशी पडदे ओढलेले होते आणि परातीवर दिवा पडला होता. माधवराव खुर्चीत, शरयू त्यांच्यामागे. तन्वी आणि सोनिका भिंतीशी. समरजीत दाराजवळ, हातात गाडीची किल्ली फिरवत.

समोर दोरीवर दोन कपडे टांगलेले होते. काठ आणि पदर काळ्या कापडाने झाकून उषाताईंनी दोन्हींचं फक्त मधलं अंग उघडं ठेवलं होतं. मलमलीतून गाळलेल्या उजेडात दोन्ही एकसारखे पांढरे, एकसारखे शांत दिसत होते.

"यात एक पेटीतली नक्कल आहे," उषाताई म्हणाल्या. "कुठली, ते सांगा. हात लावायचा नाही."

माधवरावांनी बघितलं, शरयूने बघितलं. सोनिकाने तर कपड्यांत हयात घालवली होती, तिनेही मान हलवली. दोन्ही सारखेच.

"तन्वी, दिवा बंद कर. आणि पडदे उघड."

पडदे सरकले. दुपारचा लख्ख उजेड आत आला आणि खोलीतल्या प्रत्येकाने श्वास आत घेतल्याचं ऐकू आलं.

एक कपडा पांढराफेक होता. दुसरा पिवळा, दुधात केशराची एखादीच काडी पडावी तसा. दोन्ही आपल्या जागेवरून हललेही नव्हते. डोळ्यांदेखत ते वेगळे झाले होते.

"अग बाई!" शरयूच्या तोंडून निघालं. आपण स्वतः काय करून दाखवणार हे माहीत असूनही उषाताईंच्या हातांवर पुन्हा काटा आला.

"समर," त्या हळूच म्हणाल्या, "आपल्या शेल्याचा रंग यातला कुठला?"

"ये क्या पूछने की बात है?" त्याने बोट केलं. "हा. पांढरा."

सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. समरजीतने सगळ्यांकडे पाहिलं.

"अहो," शरयू म्हणाली, "तो पिवळा आहे."

"काहीतरीच काय! दरवर्षी बघतो मी."

"दरवर्षी समईत बघता. मलाही कुठे माहीत होतं? महिन्यापूर्वी या दोघींना दाखवायला दाराशी नेला तेव्हा मी पहिल्यांदा उजेडात बघितला. तुम्ही घरी नव्हतात. मला वाटलं जुना झालाय म्हणून पिवळा पडला असेल. सांगायचं राहूनच गेलं."

"पडला नाही," माधवराव पुटपुटले. "माझ्या तापातही तो तसाच होता."

उषाताईंनी दोरीवरचा पांढरा कपडा काढला. "नक्कल ही आहे. बनवून घेणाऱ्याने विणकराला पांढरा शेला सांगितला. तन्वीने सांगितला असता तर पिवळा सांगितला असता, तिने तर महिनाभर त्या पिवळ्यासाठी उजेड शोधला. सोनिकाने त्याच रंगाचा दुपट्टा रंगवलाय, तो हा इथे टांगलाय. शरयूला माहीत होतं, माधवरावांना माहीत होतं. शेला पांढरा आहे असं मानणारे आपण दोघंच उरतो, समर. तू आणि मी. मला विचारलं असतं तर माझंही बोट पांढऱ्याकडेच गेलं असतं. पण परवा तो गाडीतून इथे मी नाही आणला. आणि इथे आला तेव्हाच तो त्या मुलीच्या मानेला टोचत होता."

"पण हे कसं शक्य आहे?" समरजीतचं लक्ष अजून त्या दोन रंगांवरच होतं. त्याचा चेहरा चोरी पकडल्यासारखा नव्हता, डोळ्यांवर विश्वास बसत नसल्यासारखा होता. "मी दोन्ही देवघरात शेजारी शेजारी धरून—"

तो थांबला. गाडीची किल्ली फरशीवर पडली.

६

मग समरजीतच बोलू लागला आणि बोलतच सुटला. बाहेरदेशी एक संग्राहक आहे, जुन्या चंदेरीसाठी वेडा. गौरी झाल्या की त्याचा माणूस येणार होता. तेवढ्या पैशांत हॉटेल उभं राहिलं असतं. म्हणूनच शूटिंगचा आग्रह धरला, कारण एकदा शेला बाहेर गेला की बोट दाखवायला कुणीतरी मिळतं.

"आणि आबासाहेब, गलत क्या है?" त्याचा आवाज चिरकला. "वर्षातून एकदा, अंधारात, दिव्यासमोर. दोन्ही सारखेच दिसतात! गौरीला काय फरक पडणार होता?"

"गौरीचं मला माहीत नाही," माधवराव म्हणाले. "या मुलीला फरक पडला. ती आपल्या घरची असती तर तिचं नाव असं घेतलं असतंस?"

समरजीतने तन्वीकडे पाहिलं. परवापासून पहिल्यांदाच, नीट.

"शेला कुठे आहे?" शरयूने विचारलं.

"गाडीच्या डिकीत. सूटकेसमध्ये. त्या दिवशी बांधला तो मी उघडलाच नाही."

शरयूने किल्ली उचलली, एकटी खाली गेली आणि गाठोडं छातीशी धरून वर आली. नवऱ्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. खिडकीसमोर उभी राहून तिने फडकं सोडलं आणि शेला दोन्ही हातांवर पसरला.

उषाताईंना वाटलं होतं, सोनिकाचा दुपट्टा पाहिला म्हणजे शेलाही पाहिल्यातच जमा आहे. कुठलं काय! दुपट्ट्याचा रंग वर लावलेला होता, शेल्याचा सुतासुतात मुरला होता. झुळूक आली की तो क्षणभर फिका व्हायचा आणि पुन्हा भरून यायचा. इतक्या बायका इतकी वर्षं त्याच्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या आणि हा रंग कुणी पाहिला नव्हता. दरवर्षी तो सगळ्यांच्या समोरच होता. शरयूचं बोट कोपऱ्यावर घसरलं, थांबलं आणि तिला रडू फुटलं.

समरजीत दोन पावलं पुढे आला. हात लावायची त्याची हिंमत झाली नाही.

"मी हे विकायला निघालो होतो," तो म्हणाला, "आणि मी हे बघितलंच नव्हतं."

माधवराव काठी टेकत उठले. "पोलीस नकोत म्हणालो होतो, ते अजूनही म्हणतो. पण एक काम तुला करावं लागेल. ज्या ज्या घरी तू या पोरीचं नाव घेतलंस, त्या त्या घरी जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगायचं की चोर तू होतास. फोनवर नाही, उंबऱ्यावर उभं राहून. ते झाल्याशिवाय यंदा गौरीच्या आरतीला उभं राहायचं नाही."

"आबासाहेब, लष्करात तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला."

"तिला राहिली होती?"

समरजीत तन्वीसमोर जाऊन उभा राहिला. "कॅन्सल झालेली दोन लग्नं कुणाकडची होती?" त्याने विचारलं. "तिथूनच सुरू करतो." तिने नावं सांगितली. तो एकटाच जिना उतरला.

माधवरावांनी शेला सुनेच्या हातातून घेतला नाही, नुसता डोळ्यांना लावला. मग तन्वीला म्हणाले, "बाळ, याचे फोटो पुन्हा काढशील ना? खऱ्याचे?"

"काढीन, आबासाहेब. पण एक खिडकीच्या उजेडातला पण काढीन."

सगळे गेल्यावर उषाताई मात्र रेंगाळल्या. परातीजवळ जाऊन त्यांनी तिच्या काठावरून बोट फिरवलं. लपवायचंच असेल तर माणूस लख्ख उन्हातही लपवतं. उजेडाला नावं ठेवण्यात आपण उगाच इतकी वर्षं घालवली, असं त्यांना वाटलं आणि वाईटही वाटलं.

"तन्वी," त्या म्हणाल्या, "माझा एक फोटो काढशील? घरात माझा एकही नाही. आहे तो ओळखपत्रावरचा. मी कायम कॅमेऱ्याच्या मागेच."

तन्वीने पडदे ओढले, दिवा लावला, परात जराशी कलती केली. उषाताई स्टुलावर बसल्या. टॉर्च असलेली पर्स मांडीवर घट्ट धरलेली, ती तन्वीने अलगद काढून बाजूला ठेवली. पितळेतून, मलमलीतून गाळून आलेला तो उजेड गालांवर आला तेव्हा उषाताईंना वाटलं, कुणीतरी ऊन हात ठेवलाय. त्यांचे डोळे भरून आले आणि पुसायला हात उचलावा असंही त्यांना वाटलं नाही.

कॅमेऱ्यामागून तन्वी म्हणाली, "काकू, श्वास रोखलाय तुम्ही. सोडा."

इतक्या वर्षांत उषाताईंना आपल्या कॅमेऱ्यासमोरच्या एकाही माणसाला हे सांगावं लागलं नव्हतं. त्यांनी श्वास सोडला.